कुरळे केस, सरळ केलेले केस आणि त्यांची निगा

आजचा विषय दोन प्रकारच्या केसांचा आहे. एक म्हणजे जन्मतः कुरळे असलेले केस, आणि दुसरे म्हणजे मुळात कुरळेच, पण रसायन लावून सरळ करून घेतलेले केस. बोलणार आहोत आम्ही दोघी. आमच्यापैकी एक त्वचारोगतज्ज्ञ आहे आणि दुसरी बरीच वर्षं पार्लर चालवते. एकीकडे बायका केस करून घ्यायला येतात, दुसरीकडे केलेले बिघडल्यावर येतात. त्यामुळे दोन्ही बाजू आम्हाला रोज दिसतात. यापुढे 'आम्ही' म्हटलं की दोघी मिळून बोलतोय असं समजा.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो. केस सरळ करावेत की कुरळेच ठेवावेत, हे सांगायला आम्ही आलेलो नाही. ज्याचं डोकं त्याचा निर्णय. पण निर्णय घेताना केसाचं आणि टाळूचं नेमकं काय होतं हे ठाऊक असायला हवं, कारण यातली काही नुकसानं भरून येतात आणि काही कधीच भरून येत नाहीत.

केस म्हणजे काय

त्वचेच्या बाहेर आलेला केस जिवंत नसतो. जिवंत भाग असतो तो त्वचेखाली, मुळाशी. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर किंवा थोडा जास्त वाढतो. म्हणजे तुमचा केस तीस सेंटिमीटर लांब असेल, तर त्याचं टोक दोन-अडीच वर्षांचं जुनं असतं. एवढ्या काळात त्यानं ऊन, घाम, कंगवा, रबरबँड, ड्रायर असं सगळं सोसलेलं असतं. जखम भरून येते तसा केस भरून येत नाही. म्हणून 'केस आतून दुरुस्त होतो' असं जाहिरातीत ऐकलंत तर जरा सावध राहा. असलेला केस सांभाळणं आणि येणारा केस चांगला येऊ देणं, एवढंच आपल्या हातात असतं.

केसाच्या बाहेरून कौलांसारखे खवले असतात. एकावर एक, टोकाच्या दिशेनं उतरते. आत केराटिन नावाच्या प्रथिनाचे धागे दोरखंडासारखे वळलेले असतात. हे धागे एकमेकांना दोन मुख्य प्रकारच्या बंधांनी धरून ठेवतात. पहिले हायड्रोजन बंध. ते कच्चे. पाणी लागलं की सुटतात, वाळलं की पुन्हा जुळतात. दुसरे गंधकाचे बंध. ते पक्के, पाण्याला दाद देत नाहीत. केस इस्त्री केल्यावर सरळ राहतो तो हायड्रोजन बंधांमुळे, आणि कोकणात पावसाळ्यात घराबाहेर पाऊल टाकताच पुन्हा फुगतो तोही त्यांच्यामुळेच. कायमचं सरळ करायचं तर गंधकाच्या बंधांना हात घालावा लागतो. सगळा धोका तिथे सुरू होतो.

आता केस कुरळा का असतो? केस ज्या नळीतून उगवतो ती नळी सरळ केसाच्या माणसात सरळ असते आणि कुरळ्या केसाच्या माणसात वाकलेली असते. सरळ केस आडवा कापला तर गोल दिसतो, कुरळा केस लांबट, चपटा दिसतो. टाळूतून पाझरणारं नैसर्गिक तेल सरळ केसावरून सहज टोकापर्यंत उतरतं. कुरळ्या केसावर ते पहिल्याच एक-दोन वळणांत अडकतं. म्हणून टाळू तेलकट आणि टोकं कोरडी, असा प्रकार होतो. शिवाय प्रत्येक वळणावर खवले थोडे उचललेले असतात आणि कंगवा ओढला की तुटतो तो त्या वळणावरच. लोक म्हणतात कुरळे केस राठ असतात, हट्टी असतात. प्रत्यक्षात ते सरळ केसांपेक्षा नाजूक असतात. ही एक गोष्ट पक्की लक्षात ठेवलीत तर पुढचे सगळे नियम पाठ करावे लागणार नाहीत, आपोआप सुचतील.

सरळ करण्याचा इतिहास

केस रसायनानं सरळ करण्याची पद्धत मुख्यतः अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय समाजात वाढली. गुलामगिरी संपल्यानंतरही नोकरी, शाळा, चर्च, सगळीकडे 'नीटनेटके' केस म्हणजे गोऱ्यांसारखे सरळ केस असंच मानलं जाई. सुरुवातीला तापवलेला धातूचा कंगवा आणि तेल वापरत. मॅडम सी. जे. वॉकर (१८६७–१९१९) यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. कपडे धुण्याचं काम करणारी ही बाई केशप्रसाधनांच्या व्यवसायातून अमेरिकेतल्या सर्वांत यशस्वी उद्योजिकांपैकी एक झाली. तापता कंगवा त्यांनी शोधला असं सर्रास सांगतात, ते खरं नाही. त्यांचा मूळ माल टाळूच्या विकारावरचं मलम होतं, कारण त्यांचे स्वतःचेच केस गळत होते.

रासायनिक क्रीमशी नाव जोडलेलं आहे ते गॅरेट मॉर्गन यांचं. क्लीव्हलँडमधला हा शिवणयंत्रं दुरुस्त करणारा संशोधक. वेगानं चालणाऱ्या सुईनं लोकरीचं कापड करपू नये म्हणून तो एक द्रव तयार करत होता, आणि त्या द्रवानं कापडाचे तंतू सरळ झालेले त्याला दिसले, असं सांगतात. त्यानं १९१३च्या सुमारास केसांचं क्रीम विकणारी कंपनी काढली. पुढे १९२३मध्ये वाहतुकीच्या सिग्नलचं पेटंट घेणारा मॉर्गन तो हाच.

पुरुषही मागे नव्हते. कॉस्टिक सोडा, बटाटे आणि अंडी यांचं घरगुती मिश्रण डोक्याला लावत. माल्कम एक्स यांनी १९६५च्या आत्मचरित्रात त्या जळजळीचं आणि त्यामागच्या लाजेचं वर्णन केलेलं आहे. साठ-सत्तरच्या दशकांत नैसर्गिक केस अभिमानानं वाढवण्याची चळवळ झाली. पण कायद्याचं संरक्षण मिळायला २०१९ उजाडावं लागलं. त्या वर्षी कॅलिफोर्नियानं केसांच्या ठेवणीवरून नोकरीत आणि शाळेत भेदभाव करायला बंदी घालणारा 'क्राउन' कायदा केला, आणि मग इतर अनेक राज्यांनीही केला.

हा इतिहास आपल्याला का सांगतोय? कारण आपल्याकडे रिबॉन्डिंग करायला येणाऱ्या मुलीही बऱ्याचदा कुणाचा तरी शब्द घेऊन येतात. 'विस्कटलेली दिसतेस', 'मुलाखतीला असे केस नकोत', 'लग्नात फोटो चांगले यायला हवेत'. कारण वेगळं, दडपण त्याच जातीचं.

तीन प्रकारची रसायनं

आपण ज्याला सरसकट 'स्ट्रेटनिंग' म्हणतो त्यात तीन वेगळी कामं येतात. आपल्या केसावर यातलं कुठलं झालंय हे माहीत असणं फार महत्त्वाचं आहे.

पहिलं, हायड्रॉक्साइडचं रिलॅक्सर. आफ्रिकी वंशाच्या लोकांत हेच जास्त चालतं. यात सोडियम हायड्रॉक्साइड, म्हणजे नाली साफ करायला वापरतो तोच कॉस्टिक सोडा, क्रीममध्ये मोजून घातलेला असतो. 'नो लाय' म्हणून विकतात त्यात कॅल्शियम हायड्रॉक्साइड आणि ग्वानिडिन यांचं मिश्रण असतं. सामू, म्हणजे पीएच, बाराच्या वर. गंधकाच्या जोडबंधातला एक गंधक कायमचा निघून जातो आणि केस परत कुरळा होऊच शकत नाही. 'नो लाय' टाळूला थोडं सौम्य असतं, पण कॅल्शियमचा थर बसून केस जास्त कोरडे होतात. म्हणजे 'सौम्य' हा शब्द वाचून गाफील राहू नका.

दुसरं, थायोग्लायकोलेटचं. आपल्याकडचं रिबॉन्डिंग बहुतांशी याच जातीचं. आधी क्रीम लावून बंध तोडायचे, धुऊन वाळवायचं, तापत्या प्लेटनं केस सरळ करायचा आणि मग हायड्रोजन पेरॉक्साइडचं न्यूट्रलायझर लावून बंध नव्या जागी जोडायचे.

या दोन पद्धती एकमेकींच्या वैरिणी आहेत. एकाच केसावर आधी एक आणि नंतर दुसरी केली तर केस लगद्यासारखा तुटून हातात येतो. परदेशातून रिलॅक्सर करून आलेली मुलगी इथे रिबॉन्डिंगला बसते, तेव्हा पार्लरवाल्या ताईंना हे सांगणं तिचं काम आहे आणि विचारणं ताईंचं. शंका असेल तर चार-सहा केसांच्या बटेवर आधी करून बघायचं. मेंदी किंवा काळा रंग लावला असेल तर तेही सांगायचं.

तिसरं, केराटिन ट्रीटमेंट. इथे बंध फारसे तुटत नाहीत, केसावर लेप बसवून उष्णतेनं तो पक्का करतात. तीन-चार महिने टिकतं. नाव प्रथिनाचं असलं तरी काम करतं ते बहुधा फॉर्मल्डिहाइड किंवा ग्लायॉक्झिलिक आम्ल. फॉर्मल्डिहाइडला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं २००४मध्ये माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या यादीत टाकलं. डब्यावर 'फॉर्मल्डिहाइड नाही' लिहिलेलं असतं आणि आत मिथिलीन ग्लायकॉल असतं. तापल्यावर त्यातून फॉर्मल्डिहाइडच निघतं. प्लेट फिरवताना डोळे चुरचुरले, घसा धरला, तर तो वास 'असतोच थोडा' म्हणून सोडून द्यायचा नसतो. तुम्ही तीन तास तिथे बसता. पार्लरमधली मुलगी वर्षभर रोज तीच हवा घेते. खिडकी उघडी हवी, पंखा बाहेरच्या दिशेनं हवा. बंद एसी खोलीत हे काम नको.

ग्लायॉक्झिलिक आम्ल सुरक्षित पर्याय म्हणून आलं. पण २०२४मध्ये फ्रान्समधल्या डॉक्टरांनी एका सव्वीस वर्षांच्या तरुणीची नोंद प्रसिद्ध केली. तीन वेगवेगळ्या वर्षांत तिनं केस सरळ करून घेतले, आणि तिन्ही वेळा तिच्या मूत्रपिंडांना इजा झाली. क्रीममध्ये हे आम्ल होतं. उंदरांच्या त्वचेवर तेच क्रीम लावल्यावर त्यांच्या मूत्रपिंडात ऑक्झलेटचे खडे दिसले. इस्रायलमधूनही अशा रुग्णांची नोंद झाली आहे. असे रुग्ण विरळा आहेत, पण मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी हे करूच नये असं आम्ही स्पष्ट सांगतो. केस करून आल्यावर दोन-तीन दिवसांत उलट्या, कंबरदुखी, लघवी कमी होणं असं झालं, तर डॉक्टरांना 'केराटिन केलंय' हे आवर्जून सांगा. विचारल्याशिवाय कुणी ते सांगत नाही आणि डॉक्टरांनाही चटकन सुचत नाही.

आणखी एक अभ्यास. अमेरिकेत ३३,४९७ स्त्रियांवर जवळजवळ अकरा वर्षं लक्ष ठेवून २०२२मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. केस सरळ करण्याचे पदार्थ कधीच न वापरणाऱ्यांत वयाच्या सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याचं प्रमाण शेकडा १.६४ निघालं. वर्षातून चारपेक्षा जास्त वेळा वापरणाऱ्यांत ते ४.०५ निघालं. या सगळ्या स्त्रियांच्या बहिणीला स्तनांचा कर्करोग झालेला होता, त्यामुळे हा आकडा जसाच्या तसा सर्वांना लागू करता येत नाही. क्रीममुळेच कर्करोग झाला हेही त्यातून सिद्ध होत नाही. पण जितक्या कमी वेळा, तितकं बरं, एवढं शहाणपण त्यातून घ्यायला हरकत नाही.

सरळ केलेल्या केसांची निगा

आता कामाच्या गोष्टी. आधी करून घेण्याच्या दिवसाबद्दल.

टाळूवर फोड, खाज, जखम, सोरायसिस असेल तर पुढे ढकला. आदल्या दोन दिवसांत डोकं खसखसून धुऊ नका, खाजवू नका, कारण टाळूचं तेल हेच तिचं चिलखत. कपाळाची कड, कान आणि मान यांना व्हॅसलीन लावून घ्या. क्रीम टाळूला चोपडायचं नसतं, मुळापासून थोडं अंतर सोडून लावायचं असतं. वेळ घड्याळावर मोजायची. जळजळ सुरू झाली की 'अजून पाच मिनिटं सहन करा' हे ऐकायचं नाही, तडक धुवायला सांगायचं. टाळू भाजली की केसाचं मूळ मरू शकतं आणि मग तिथे केस येत नाही. हायड्रॉक्साइड क्रीमनंतर जे न्यूट्रलायझिंग शाम्पू वापरतात, त्यातल्या काहींचा फेस अल्कली शिल्लक असेपर्यंत गुलाबी येतो. फेस पांढरा येईपर्यंत धूत राहायचं.

पुन्हा कधी? रिलॅक्सर आठ ते बारा आठवड्यांच्या आत नाही, रिबॉन्डिंग सहा महिन्यांच्या आत नाही. आणि पुन्हा करताना फक्त नव्यानं वाढलेल्या भागावर. आधी सरळ झालेल्या केसावर परत क्रीम गेलं, तर तुटायला बंध उरलेलेच नसतात, मग केसच तुटतो. आमच्याकडे तुटलेले केस घेऊन येणाऱ्यांत सर्वांत मोठं कारण हेच असतं. रंग करायचा असेल तर मध्ये निदान दोन आठवडे जाऊ द्या.

रोजच्या निगेत तीन गोष्टी. धुतल्यावर प्रत्येक वेळी कंडिशनर. महिन्यातून एकदा-दोनदा प्रथिनांचा लेप. त्यातली बारीक केलेली प्रथिनं खवल्यांच्या फटींत बसतात आणि केसाला थोडा आधार देतात. आणि उष्णता जपून. केस ओला असताना तापती प्लेट कधीच लावू नका. आतल्या पाण्याची वाफ होऊन केसात बुडबुडे होतात आणि केस तिथून मोडतो. वाळलेल्या केसालाही १८० अंशांच्या वर प्लेट नको.

सांध्याची जागा

केस सरळ केल्यावर तीन महिन्यांत मुळाशी तीन-चार सेंटिमीटर कुरळा केस आलेला असतो. पुष्कळ जणी विचारतात, 'कायमचं केलं होतं ना, मग परत कुरळे कसे?' कायमचं झालं ते बाहेरच्या केसाचं. नळी वाकडी ती वाकडीच आहे, नवा केस तिच्यातून पूर्वीसारखाच येणार.

हा नवा कुरळा भाग आणि जुना सरळ भाग जिथे भेटतात, ती जागा सगळ्या केसात सर्वांत दुबळी. वरचा भाग वळण घेऊ पाहतो, खालचा घेत नाही, आणि कंगव्याचा ताण नेमका सांध्यावर येतो. ज्यांना आता सरळ करणं सोडायचंय त्यांची खरी कसोटी इथे लागते. रस्ते दोन आहेत. एक म्हणजे सरळ भाग एकदाच कापून टाकायचा. केस आखूड होतात, पण कटकट संपते. दुसरा म्हणजे हळूहळू वाढवायचं, दर दोन-तीन महिन्यांनी टोकं कापत जायचं. वर्षाला बारा ते पंधरा सेंटिमीटर धरा, म्हणजे खांद्यापर्यंतच्या केसाला दोन-अडीच वर्षं. या काळात इस्त्री नको, कंगवा कमीत कमी, आणि सैल वेणी किंवा दोन बटांचे पीळ घालून केस वाळवा, म्हणजे सरळ भागालाही थोडी लहर येते आणि दोन्ही एकसारखे दिसतात.

कुरळ्या केसांची निगा

सरळ केसांना सांगतात की ओल्या केसांत कंगवा घालू नका. कुरळ्यांचं उलट आहे. कोरडे कुरळे केस विंचरले की वळणं सुटतात, केस फुगतो आणि तुटतो. गुंता सोडवायचा तो न्हाताना, कंडिशनर लावलेला असताना, बोटांनी किंवा मोठ्या दातांच्या कंगव्यानं. केसांचे चार भाग करायचे. टोकापासून सुरू करायचं आणि हळूहळू वर मुळाकडे जायचं. वरून खाली ओढलं की सगळा गुंता एका जागी येऊन गाठ बसते.

आठवड्यातून एकदा किंवा दोनदा न्हाणं बहुतेकांना पुरतं. शाम्पू मगात पाणी घालून पातळ करा आणि टाळूला लावा, केसांना नको. टोकांना ओघळणारा फेस पुरतो. नंतर भरपूर कंडिशनर. मग टॉवेलनं खसाखसा पुसणं बंद. जुना मऊ पंचा किंवा सुती टी-शर्ट घेऊन केस ओंजळीत धरून दाबा. ओल्या केसांतच जेल लावा, मूठ खालून वर दाबत न्या, आणि पूर्ण वाळेपर्यंत हात लावू नका. वाळल्यावर केस कडक लागले तर घाबरू नका, तेच मुठीत हलके चुरगळले की मऊ होतात.

जेल घरीही होतं. पाव वाटी जवस, काही ठिकाणी अळशी म्हणतात, दोन वाट्या पाण्यात उकळायचे. अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार आली की गरम असतानाच गाळायचं. गार झालं की गाळता येत नाही. फ्रीजमध्ये ठेवून आठवड्याभरात संपवायचं.

रात्री उशीला सॅटिनचा अभ्रा घाला, किंवा जुन्या मऊ रेशमी साडीचा तुकडा डोक्याला बांधा. सुती अभ्रा घासतो. आणि केस कापताना कोरडे असताना कापा, कारण ओला कुरळा केस लांब दिसतो आणि वाळला की वर चढतो. ओला असताना खांद्यापर्यंत ठेवलेला केस घरी जाईपर्यंत कानाशी येतो.

तेल, शिकेकाई, पाणी

तेलाबद्दल दोन्ही टोकांची मतं ऐकू येतात. मुंबईतल्या मॅरिको कंपनीतल्या रेळे आणि मोहिले या संशोधकांनी २००३मध्ये खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना केली. न्हाण्याआधी किंवा नंतर लावल्यावर केसातून प्रथिनं कमी निघून गेली ती फक्त खोबरेलानं. त्यातलं लॉरिक आम्ल लहान, सरळ रेणूचं असल्यानं केसात शिरतं. कंपनी खोबरेलच विकते हे ध्यानात ठेवूनही निष्कर्ष रसायनशास्त्राला धरून आहे. म्हणून न्हाण्याआधी तासभर केसांना, विशेषतः टोकांना, खोबरेल लावणं चांगलं. पण तेल म्हणजे ओलावा नव्हे. कोरड्या केसावर वरून तेल थापून कोरडेपणा जात नाही. आणि कोंडा असेल तर रात्रभर टाळूला तेल ठेवू नका, कोंड्यामागची बुरशी त्या तेलावरच पोसते.

शिकेकाईचं पाणी किंचित आम्लधर्मी असतं आणि केसालाही तेच मानवतं. कपड्याचा किंवा अंगाचा साबण अल्कधर्मी, खवले उघडतो. खायच्या सोड्यानं केस धुण्याचे सल्ले फिरत असतात, ते ऐकू नका. शिकेकाईची पूड मात्र वस्त्रगाळ हवी. भरड कण कुरळ्या केसांत अडकतात आणि काढताना केस तुटतात.

बोअरचं जड पाणी ही अनेक गावांतली मोठी अडचण आहे. त्यातले कॅल्शियम, मॅग्नेशियम साबणाशी मिळून चिकट राप बसवतात. साबण सोडून शाम्पू वापरला की निम्मा प्रश्न सुटतो. महिन्यातून एकदा ईडीटीए असलेला शाम्पू वापरा, आणि जमलं तर शेवटचा तांब्या पावसाच्या किंवा गाळलेल्या गोड्या पाण्याचा घ्या.

आलेल्या चिठ्ठ्या

'न्हाताना मूठभर केस निघतात, टक्कल पडेल का?' रोज पन्नास ते शंभर केस गळणं साहजिक आहे. सरळ केसांतून ते दिवसभर पडत राहतात. कुरळ्या केसांत ते वळणांत अडकून राहतात आणि चार-पाच दिवसांनी न्हाताना एकदम निघतात. त्यामुळे मूठ मोठी दिसते. भांग रुंद होत चाललाय का, वेणी बारीक होतेय का, ते बघा. तसं असेल तर तपासून घ्या.

'शाळेत तट्ट दोन वेण्या सक्तीच्या आहेत, चालेल का?' वेणी चालेल, तट्टपणा नको. रोज ओढून बांधलेल्या केसांनी कपाळाची आणि कानशिलांची रेघ मागे सरकते. सुरुवातीला सैल बांधलं तर केस परत येतात, वर्षानुवर्षं चाललं तर येत नाहीत. बांधल्यावर डोकं दुखत असेल किंवा मुळाशी पुटकुळ्या येत असतील, तर शाळेत जाऊन सांगा.

'मुलगी नऊ वर्षांची आहे, तिला रिबॉन्डिंग हवंय.' आमचं दोघींचं उत्तर 'नाही' असंच आहे. मुलांची त्वचा पातळ असते, जळजळ सांगायलाही त्या लाजतात. आणि एकदा केलं की दर सहा महिन्यांनी सांध्याचा प्रश्न येत राहतो. नऊ वर्षांची मुलगी असं का मागते, कोण तिला काय म्हणालं, हे मात्र जरूर विचारा.

'डोक्याच्या मधोमध केस विरळ झालेत, त्वचा गुळगुळीत लागते.' ही चिठ्ठी ज्यांची असेल त्यांनी थांबू नका. आफ्रिकी वंशाच्या स्त्रियांत असा एक विकार वारंवार दिसतो. त्यात मुळाच्या जागी व्रण होऊन केस कायमचे जातात. १९६८मध्ये त्याला 'तापत्या कंगव्याचं टक्कल' असं नाव दिलं होतं, पण कारण एवढं सोपं नाही, काहींमध्ये जनुकीय दोषही आढळला आहे. आपल्याकडे मधोमध विरळ होण्याची कारणं बहुधा दुसरी असतात, पण त्वचा गुळगुळीत होऊन छिद्रं दिसेनाशी झाली असतील तर वेळ फार थोडा असतो. आहेत ते केस वाचवता येतात, गेलेले आणता येत नाहीत. तेल, कांद्याचा रस असे प्रयोग करत महिने घालवू नका. व्याख्यान संपल्यावर आम्ही इथेच पुढच्या रांगेत बसणार आहोत, त्या बाईंनी येऊन भेटावं. बाकीच्या चिठ्ठ्यांची उत्तरं चहाच्या वेळी देऊ.